मानेवरचे तीन ठिपके

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेली नाही. ज्याच्या मानेवर ती घडली, त्यालासुद्धा पटायला अख्खा पावसाळा गेला. पण डॉक्टरम्मांच्या दारात नंबर लागेपर्यंत या बाकावर बसायचंच आहे, तर ऐका. खाज असेल त्यांनी खाजवत ऐकलं तरी चालेल, फक्त नखं लावू नका. डॉक्टरम्मा खिडकीतून बघतात.

तेव्हा डॉक्टरम्मा नव्या होत्या. वकुळादेवी नाव, समुद्राकडच्या, काकीनाड्याच्या. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, चिंतलपल्लीच्या याच पडवीत त्यांनी कातडीच्या रोगांचा दवाखाना मांडला, तेव्हा पहिल्या गुरुवारी माणूस एकही आला नाही. एक म्हैस आली. तिला खरूज होती. बाईंनी तिला खुर्चीवर बसवली नाही एवढंच, बाकी सगळं विचारलं. कधीपासून आहे, रात्री जास्त खाजतं का, गोठ्यात आणखी कुणाला आहे. म्हशीच्या मालकानं उत्तरं दिली, आणि देता देता स्वतःची बोटं पाठीमागे लपवली. बाईंनी ती बरोबर पाहिली. तिथून दवाखाना चालू लागला.

बाईंचं सांगणं साधं. खरूज झाली तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत मलम लावायचं, एकट्यानं लावून उपयोग नाही. टॉवेल ज्याचा त्याचा. आंघोळ कढत पाण्यानं नको. अंग ओलं असतानाच खोबरेल चोळायचं. भाजलं तर गार पाणी धरायचं, दात घासायची पेस्ट दातांसाठी ठेवायची. आणि गोरं करणारी क्रीम औषधांच्या दुकानातून आणून चोपडणाऱ्या पोरींना त्या म्हणायच्या, "रंग घेऊन आलीस तो चांगला आहे गं. चेहऱ्याची साल काढून कुणाला दाखवणार आहेस?"

तर अशा या डॉक्टरम्मांची मती गुंग केली ती ओदेलूच्या मानेनं.

ओदेलू पंपाच्या मोटारी बांधायचा. जळकी मोटार त्याच्याकडे नेली की ती गाणं म्हणत परत यायची. हात सोन्याचे, पण सदरे दोनच, आणि दोन्हींवर ग्रीसचे नकाशे. ओढ्यापलीकडच्या नागवरमच्या कोमुरय्याची मुलगी सुगुणा बघायला जायचं ठरलं, तेव्हा ओदेलूची आई बुच्चम्मा म्हणाली, "हा सदरा घालून गेलास तर तुला मुलगी नाही, बिघडलेली मोटार देतील."

आता यावर आमच्याकडे जुना इलाज आहे. मोंडय्या परीट ओढ्याच्या दोन्ही काठांचे कपडे धुवायचा. कुणाला मुलगी बघायची असली, कोर्टाची तारीख असली, की मागच्या दारानं मोंडय्याकडे जायचं. मास्तरांचं धोतर, तलाठ्याची पँट, गढीतल्या पटेलांचा सदरा, अंगाला बसेल ते एका दिवसापुरतं मिळायचं. संध्याकाळी परत. मग पुन्हा भट्टी, पुन्हा इस्त्री, आणि कपडा मालकाच्या घरी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आज दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा ओळखला, तर उद्या आपल्या अंगावरचाही कुणीतरी ओळखणार.

जगपतिराव पटेलांनी त्या सुमाराला एका ताग्यातून नवे सदरे शिवून घेतले होते. दुधी रंग, त्यात बारीक निळी रेघ. पहिल्या धुण्याला ते मोंडय्याकडे आले. त्यानं प्रत्येकाच्या कॉलरीत, मानेशी येईल अशा जागी, पटेलांच्या घराची खूण घातली. बिब्बा टोचायचा, सुईवर रस घ्यायचा, तीन ठिपके द्यायचे, खाली एक आडवी रेघ ओढायची, वरून चुना चोळायचा. ती खूण कापड फाटलं तरी जात नाही. त्यातला एक सदरा, रस पुरता वाळायच्या आत, ओदेलूच्या अंगावर चढला.

नागवरमला कोमुरय्या दारातच उभा होता. अंगात दुधी रंगाचा सदरा. त्यात बारीक निळी रेघ.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओदेलूला वाटलं, आपण आरशासमोर आलो आणि आरशात म्हातारे झालो.

"कापड कुठलं म्हणायचं?" कोमुरय्यानं सावध विचारलं.

"करीमनगरचं, मामा." ओदेलू म्हणाला. "तुमचं?"

"करीमनगरचंच. आणखी कुठलं असणार?"

"नवं दिसतं."

"मी जपून वापरतो."

बुच्चम्मानं लगेच हात जोडले. जावयाची आणि सासऱ्याची आवड एक, म्हणजे देवीनंच जमवून आणलं. सुगुणा पाणी घेऊन आली, तिनं एक सदरा पाहिला, दुसरा पाहिला, आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. सगळ्यांनी तो होकार धरला. भाकरी, अंबाडी आणि ताडी झाली. उठताना कोमुरय्यानं ओदेलूला मिठी मारली आणि एकच गोष्ट विचारली.

"बाकी मला काही नको. फक्त घराण्यात कातडीचा रोग नाही ना? माझ्या बहिणीला असल्या घरात दिली होती. पुढं तिच्या पोरींची लग्नं जमेनात."

"आमची कातडी स्वच्छ, मामा. हवी तर उलटून बघा."

दसऱ्याच्या सुमाराचा बत्कम्माचा सण उलटला की लग्न, असं ठरलं. ओदेलू घरी आला तो सुगुणाचं हसू डोळ्यांत घेऊन. चार शब्दसुद्धा बोलली नव्हती, पण त्याला दुसरी मुलगी नको झाली होती.

सदरा परत गेला. दोन दिवसांनी मान खाजायला लागली.

खाज म्हणजे कसली? बसथांब्याच्या लोखंडी खांबाला तो मान घासायचा, तर खांबाचा गंज निघून तो आरशासारखा लखलखला. बायका बस येईपर्यंत त्यात बघून कुंकू नीट करायच्या. मानेतून एवढी धग निघायची, की बुच्चम्मानं मागून लोणी लावलं आणि पुढून तुपाचा वास आला. आणि मग तिनं ते नीट पाहिलं. मानेच्या मधोमध फोडांचे तीन लाल ठिपके, खाली एक आडवी रेघ. आखून काढल्यासारखी.

"पोचम्मा आली," बुच्चम्मा म्हणाली. "देवीनं सही केली आहे." तिनं हळद आणि कडुनिंब थापला. शेजारणीनं लसूण सांगितला, न्हाव्यानं चुना सांगितला, औषधांच्या दुकानदारानं एक मलम दिलं, ज्यावर गोऱ्या बाईचं चित्र होतं. ओदेलूनं सगळं लावलं. मान हिरवी झाली, पिवळी झाली, पांढरी झाली, आणि प्रत्येक रंगाखालून ठिपके जास्तच लाल होऊन वर आले.

ओदेलूला काही कळेना. रोग म्हणावा तर ताप नाही. देवी म्हणावी तर पोचम्माला रेघ ओढायची कुठली हौस? सदऱ्याचा त्याला संशयही आला नाही, कारण सदरा त्यानं मनातून कधीच परत करून टाकला होता. त्याला दिसत होतं एवढंच, की कातडी स्वच्छ असल्याचं वचन देऊन आलो, आणि आता मानेवर हे. सासऱ्यानं पाहिलं तर संपलं.

गुरुवारी तो गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून इथं आला. याच बाकावर बसायला गेला, तर टोकाला आधीच एक माणूस बसलेला. भर उकाड्यात त्याच्याही गळ्याभोवती टॉवेल.

"मामा," ओदेलूच्या तोंडून निघालं.

कोमुरय्या दचकला. "जावईबापू. तुम्ही इकडे कुठं?"

"मी... आईसाठी मलम न्यायला. टाचा फुटल्यात तिच्या. तुम्ही?"

"मी बाजाराला आलो. सावली दिसली म्हणून बसलो."

"गळ्याला टॉवेल?"

"घसा बसलाय. आणि तुमच्या?"

"माझाही."

दोघंही खणखणीत आवाजात बोलत होते. कोमुरय्या हळूच भिंतीला मान घासायचा आणि थांबायचा. ओदेलू त्याच्याकडे बघायचा आणि स्वतःची मान आवळून धरायचा. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं. आपण या माणसाला मिठी मारली होती. हा रोग आपलाच. आपण तो सासऱ्याला देऊन आलो. उद्या सासूला जाईल, परवा सुगुणाला. लग्नाआधीच आपण अख्खं घर बाटवलं.

कोमुरय्याच्या मनात काय चाललं होतं, ते पुढं कळलं. त्याच्या मनात तेच चाललं होतं, फक्त उलट्या बाजूनं. बहिणीच्या घरचा रोग आपल्यात उतरला आणि आपण तो जावयाला दिला.

नर्सबाईंनी आधी कोमुरय्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तो ओदेलूकडे न बघता. मग ओदेलू आत गेला. टॉवेल सोडला. डॉक्टरम्मांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"आत्ता गेले ते तुमचे कोण?"

"कुणी नाही," ओदेलू म्हणाला. मग म्हणाला, "अजून कुणी नाही."

"एका घरात राहता?"

"नाही."

"एका ठिकाणी काम करता?"

"ते शेळ्या पाळतात, मी मोटारी बांधतो."

"एकाच न्हाव्याकडे जाता? एकाच उशीवर झोपता?"

"डॉक्टरम्मा, आम्ही एकदाच भेटलोय."

"कपडे? मानेवर आहे म्हणजे मी पहिल्यांदा कॉलरच धरीन. कुठं धुता?"

इथं ओदेलू अडखळला. बाहेर खिडकीखाली कोमुरय्या बसला होता, आणि खिडकीला दार नव्हतं. "घरीच," तो म्हणाला. "आई धुते. सदरे माझेच आहेत. सगळे."

"त्यांनीही हेच सांगितलं," डॉक्टरम्मा पुटपुटल्या. "याच शब्दांत."

त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. पानं चाळली. वाऱ्याबरोबर येणारं, पाण्यातून येणारं, कीटकानं चावून येणारं, सगळं पाहिलं. दोन वेगळ्या गावांतली दोन माणसं, आणि कीटक मात्र भूमिती शिकलेला. त्यांनी बहिर्गोल भिंग लावून ठिपक्यांमधलं अंतर पाहिलं. मग दारात जाऊन कोमुरय्याला परत आत बोलावलं.

"दोघं पाठ करून उभे राहा. उजेडाकडे."

आता बघा, सासरा आणि जावई शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभे. कुणी कुणाच्या मानेकडे बघायचं नाही म्हणून दोघांनी डोळे घट्ट मिटलेले. ओदेलूला डॉक्टरम्मांचा श्वास ऐकू येत होता. त्या एका मानेकडून दुसऱ्या मानेकडे जात होत्या, आणि परत येत होत्या.

"हे तंतोतंत एक आहे," त्या म्हणाल्या. "मला वेड तरी लागलंय, नाहीतर तुम्ही दोघं माझ्याशी खोटं तरी बोलताय."

दोघांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

नेमक्या त्या वेळी जगपतिराव पटेल आत शिरले. त्यांना नंबर कधी लागत नसे. ते टाचांच्या भेगांसाठी यायचे, आणि बाईंनी सांगितलेलं पाय भिजवणं, खोबरेल, रात्रीचे मोजे, यातलं काही न करता फुकटचं मलम मागायचे. आत पाऊल टाकलं आणि ते उभ्याचे उभे राहिले.

"ही आमच्या घरची खूण आहे," पटेल म्हणाले.

ते आणखी जवळ आले.

"तीन ठिपके नि रेघ. आमच्या पातेल्यांवर आहे, पोत्यांवर आहे, बैलांच्या पुठ्ठ्यावर आहे. आजोबांनी ठरवलेली. ही यांच्या मानेवर कशी?"

ओदेलूनं डोळे उघडले. उजवीकडे पाहिलं. कोमुरय्यानंही डोळे उघडले होते. पहिल्यांदा दोघांना एकमेकांची मान दिसली, आणि ओदेलूच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. पातेल्यांवर, पोत्यांवर. सदऱ्यावर. त्याचे कान तापले. म्हणजे रोग नव्हता. म्हणजे जे होतं ते रोगापेक्षा वाईट होतं. सदऱ्याचा मालक तीन हातांवर उभा होता आणि आता सासऱ्यासमोर सगळं उघडं पडणार होतं.

डॉक्टरम्मांनी पटेलांकडे पाहिलं, दोन मानांकडे पाहिलं, मग पटेलांच्या कॉलरकडे पाहिलं. दुधी रंग, निळी रेघ. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली.

"पटेलगारू, हा सदरा नवा?"

"आजच घातला. का?"

"मान खाजते?"

"छे. बिब्बा आम्हाला कधी उतत नाही. आमच्या घराण्यातच नाही ते."

"बिब्बा मी म्हटलंच नव्हतं," डॉक्टरम्मा म्हणाल्या. "पण बरं झालं, तुम्ही म्हटलंत."

"पण यांच्या मानेवर..."

"रुग्णाच्या अंगावर काय आहे आणि का आहे, ते मी तिसऱ्याला सांगत नाही. तुमच्या टाचांचंही मी कुणाला सांगत नाही. बाहेर बसा."

पटेल बाहेर बसायला गेले, ते बाकावर बसले नाहीत, उभे राहिले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी बिब्ब्याचा विचार केला आणि सोडून दिला, कारण आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो ही गोष्टच त्यांच्या डोक्यात मावत नव्हती. त्यापेक्षा दुसरी गोष्ट सहज मावली. आजोबा दोन्ही गावांत फार फिरायचे, असं लोक दबक्या आवाजात म्हणत.

आत डॉक्टरम्मांनी दोघांना बसवलं.

"हा रोग नाही, खुणेचा बिब्बा उतलाय. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुलाबाळांत जात नाही. गार पाण्याची घडी ठेवा, हे मलम दोन वेळा लावा, हळद, चुना, लसूण, सगळं बंद. ते दुकानातलं गोऱ्या बाईचं मलम आधी फेकून द्या. आणि कॉलरला अशी खूण असेल तर आतून फडक्याचा तुकडा शिवून घ्या. कपडा कुणाचा आहे, ते मी आता विचारत नाही. विचारलं होतं, तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत, आणि माझी सगळी सकाळ त्यात गेली."

दोघं बाहेर आले. पटेल त्यांच्याकडे टक लावून बघत होते, म्हणून ते लांब, चिंचेखाली जाऊन बसले. ओदेलूनं ठरवलं, आता सांगून टाकायचं. मुलगी गेली तरी चालेल, पण रोगाच्या भीतीनं नको जायला.

"मामा, तो सदरा..."

"मोंडय्या?" कोमुरय्या म्हणाला.

"मोंडय्या. तुमचाही?"

"माझा कुठला? मी चोवीस वर्षांत नवा सदरा शिवून घेतलेला नाही. मुलीच्या बापानं फाटक्यात बसू नये म्हणून आणला. तुम्ही काय म्हणून आणलात?"

"ग्रीस होतं."

कोमुरय्या हसायला लागला. हसताना मान ताणली की आग व्हायची, म्हणून तो विव्हळत हसत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"आणि तुम्ही मला."

"मग हिशेब बरोबर. लग्न मोडायचं म्हटलं तर कारण सांगावं लागेल. तुम्ही सांगणार?"

"नाही."

"मीही नाही. पोरीला मात्र कळलंय. त्या दिवसापासून दुधी रंगाचं काही दिसलं की तिला हसू आवरत नाही. बत्कम्मा उलटली की या. आणि आपल्या सदऱ्यात या, ग्रीस असलं तरी चालेल."

अशी सोयरीक टिकली, ती तीन ठिपके नि एका रेघेवर. पण पटेलांचं काय झालं ते ऐका. ते त्या दिवसापासून जेवेनात. गढीच्या सज्जात उभे राहून ओढ्यापलीकडे बघत बसायचे. शेवटी त्यांनी ओदेलू आणि कोमुरय्या दोघांनाही बोलावलं, आजोबांच्या तसबिरीसमोर उभं केलं, तिघांच्या नाकांची तुलना केली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "रक्त आहे ते लपत नाही." लग्नाचा सगळा भार आपला, असं त्यांनी जाहीर केलं. मग काय विचारता? ओढ्याच्या दोन्ही काठांना मांडव. बगारा भाताची पातेली एवढी, की वाढप्यांनी त्यांत होडी घातली. बकऱ्यांचा कळप सकाळी पूर्वेकडून आला तो संध्याकाळपर्यंत येतच होता. तुपानं ओढ्याचं पाणी जड झालं, मासे वर येऊन झोपले, आणि पटेल स्वतः कमरेला टॉवेल बांधून, एकेकाच्या पानात हातानं मटण वाढत...

"खोटं."

बाकाच्या टोकाला चिंचा सोलत बसलेली सुगुणाम्मा बोलली. आतापर्यंत तिनं एकदाही मान वर केली नव्हती. तिच्या शेजारी ओदेलू डोळे मिटून नंबरची वाट बघत होता.

"सदऱ्याचं बोललास, बापाच्या मानेचं बोललास, खांब लखलखला म्हणालास, मी काही म्हटलं नाही," ती मला म्हणाली. "पण जगपतिराव पटेलांनी मटण वाढलं? तो माणूस आला, आशीर्वाद म्हणून तांदळाचे दाणे टाकले, आणि खाली पडले ते वेचून परत नेले. भात नि चिंचेचं सार होतं माझ्या लग्नात, आणि त्या भाताला आधण मी ठेवलं होतं. अंगाला हळद लागलेली असताना."